पाकीट कागदासाठी, हाल राखीचे



आज जरा भांडायचं आहे. (नातेवाइकांनी लगेच फोन करू नयेत. तब्येत उत्तम आहे आणि भांडण घरातलं नाही.) विषय दिसायला वीतभर आहे : टपालाचं पाकीट. आमचे वडील त्याला लखोटा म्हणायचे. माझं म्हणणं असं की हे पाकीट ज्या कोणी आखलं, त्यानं आत फक्त कागद जाणार असं धरून चालला होता. आपण बायका मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यात राखी घालतो, संक्रांतीचा हलवा घालतो, भावाच्या घराची विसरलेली किल्ली घालतो, गावरान वालाच्या चार बिया घालतो. आणि पाकीट कोपऱ्यात फुटलं की ऐकून कोण घेतं? पाठवणारी. "ताई, नीट पॅक करायचं ना!"

हे वाक्य मी एका गावच्या खिडकीवर माझ्या कानांनी ऐकलं आहे. रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईला ते ऐकवलं गेलं. तिनं काही उत्तर दिलं नाही, पदरानं पाकीट पुसलं आणि पुन्हा चिकटपट्टी शोधायला गेली. तेव्हापासून हे मनात घोळतं आहे. नीट पॅक म्हणजे कसं, हे तिला कोणी सांगितलं होतं? आणि जे पाकीट बाजारात मिळतं त्यात "नीट" होणं मुळात शक्य आहे का?

आता थोडं शास्त्र, कारण बाईपणा अजून सुटलेला नाही. कागदाची घडी आणि किल्ली यांत फरक काय? वजनाचा नव्हे. पाच पानांचं पत्र किल्लीपेक्षा जड भरेल. फरक असा की पत्र पाकिटाच्या आकाराचं असतं, ते आत हलत नाही. किल्ली हलते. थैली फेकली की पाकीट जमिनीवर आपटून थांबतं, पण आतल्या किल्लीला थांबायला कोणी सांगितलेलं नसतं. ती तशीच पुढे जाते आणि सगळा जोर आपल्या टोकाएवढ्या जागेवर काढते. टाचणी बोटात का जाते आणि चमचा का जात नाही, हे आपण सातवीत शिकलो ते हेच. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जागा लहान की दाब मोठा.

कार्यानुभवाच्या तासाला आम्ही जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पाकिटं करायचो. चौकोनी कागद घ्यायचा, त्याचे चार कोपरे मध्यावर आणायचे, तीन चिकटवायचे, चौथा झाकण. एकदा मागच्या बाकावरच्या एका कारट्यानं आपल्या पाकिटात कंचा घातला आणि पाकीट हातात धरून गरगर फिरवलं. कंचा कोपऱ्यातून सुटला तो थेट फळ्यावर. मी रागवायच्या आत तो म्हणाला, "बाई, पाहा ना, कोपऱ्यातूनच निघते!" त्याला मी रागावले नाही, कारण तो बरोबर बोलत होता. मग सगळ्या वर्गानं पाकिटाचे कोपरे तपासले. चारही कोपऱ्यांत, घडी आणि डिंक यांच्या मधे, बारीकशी फट राहतेच. दुकानातल्या पाकिटालाही राहते. घरात असेल ते घ्या आणि झाकणाच्या दोन्ही टोकांना पाहा. डिंक तिथपर्यंत पोचलेलाच नसतो. पत्र त्यातून पडत नाही म्हणून गेल्या शंभर वर्षांत कोणाला त्याची अडचण झाली नाही. मोहरीला, राजगिऱ्याला, राखीतल्या सुट्या मण्याला मात्र तेवढी फट पुरते.

गंमत अशी की हा प्रश्न आपल्या किराणा दुकानदारानं केव्हाच सोडवलेला आहे. पुडी! एक तुकडा कागद, डिंक नाही, टाचणी नाही, आणि आतला जिरा-मोहरीचा दाणा बाहेर येत नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरची पुडी तर साखरेची भुकटी सांभाळते. का? कारण तिच्यात कडा एकमेकींत खोचलेल्या असतात, उघडा कोपरा कुठे उरतच नाही. आणि त्याच्याही मागे गेलात तर खलिता होता. राजेरजवाड्यांची पत्रं कापडी थैलीत घालून, तोंड बांधून, लाखेची मोहोर करून जायची. कापड ओढलं तर ताणतं, कागदासारखं टरकन फाटत नाही. पुढे पार्सलं मांजरपाटात शिवून यायची, शिवणीवर लाख लावलेली, पत्ता निळ्या-जांभळ्या शाईनं. आमच्या पिढीनं ही सुईदोऱ्याची पार्सलं पुष्कळ पाहिली. म्हणजे घन वस्तू कशी पाठवावी याची अक्कल या मुलखात नव्हती असं नाही. ती फक्त पाकिटापर्यंत येऊ दिली नाही.

बरं, पाकिटाचा प्रवास तरी कसा? पेटीत पडतं, म्हणजे पहिला आपट. मग टेबलावर ओतलं जातं. मग शिक्का. ज्यांनी हातशिक्का मारताना पाहिला आहे त्यांना तो आवाज आठवेल : एक ठोका शाईच्या गादीवर, एक पाकिटावर, ठक-ठक, ठक-ठक. तिकीट उजव्या कोपऱ्यात, शिक्काही तिथेच. आणि आत सुटी राखी असेल तर ती घरंगळून कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातच गेलेली असते. ती उजव्या वरच्या कोपऱ्यात सापडली तर खडा फुटतो. नाही फुटला तर उंचवट्यावर शिक्का नीट उमटत नाही, म्हणून आणखी एक ठोका! शिक्का मारणाऱ्याचा यात काय दोष? त्याच्यापुढे पाकिटांचा ढीग आहे आणि गाडीची वेळ झाली आहे. मग गठ्ठे बांधायचे सुतळीनं. सगळी पाकिटं सपाट आणि मधेच एक पोट सुटलेलं, म्हणजे गठ्ठा डुगडुगतो. डुगडुगला की सुतळी आणखी आवळायची. मग थैली, मग रेल्वे टपाल सेवेची वर्गवारी, मग दुसरी थैली. या सगळ्यांत आपल्या हलव्याचे काटे शाबूत राहावेत ही अपेक्षा करणारी बहीण भाबडी म्हणायची की थोर, तुम्हीच ठरवा.

परदेशातल्या भाचरांसाठी एक कंसाबाहेरची सूचना. तिकडे शिक्क्याच्या जागी यंत्र आहे, आणि यंत्राला दया नसते. पाकिटं पट्ट्यांच्या आणि रुळांच्या मधून वाकत-वळत पळतात. म्हणून अमेरिकेच्या टपाल खात्यानं साध्या पत्राला पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर जाडीची मर्यादा घातली आहे, आणि आत काही टणक, उंचसखल असेल तर यंत्राबाहेर हाताळण्याचे जादा पैसे घेतात. इंग्लंडमध्ये साधं पत्र ५ मिलिमीटरपर्यंतच. पैसे जातात हे खरं, पण निदान नियम आधी सांगितलेला असतो. तुमच्या मुलांना सांगा, राखी घालून नेहमीचंच तिकीट लावू नका. आणि हो, इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे पाकिटातून बिया पाठवायच्या नाहीत, कागदपत्रांशिवाय ते कायद्यात बसत नाही. काकूच्या दोडक्याचं बी कितीही चांगलं असलं तरी.

आता माझ्या भांडणाचा मुख्य मुद्दा. "लोकांनी नीट पॅक करावं" हे उत्तर टपालाच्या बाबतीत आपल्या देशानं यापूर्वी दोनदा नाकारलेलं आहे, आणि त्यातली एक गोष्ट आमच्याच वर्धा जिल्ह्यात घडली.

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला आले त्याचं नाव तेव्हा शेगाव. दुसरं शेगाव बुलढाण्याकडचं, गजानन महाराजांचं, रेल्वेचं स्टेशन असलेलं, सगळ्या मुलखाला ठाऊक. साहजिकच गांधीजींचं टपाल तिकडे जाऊ लागलं. आता यावर "पाठवणाऱ्यांनी नीट पत्ता घालावा" असं म्हणता आलं असतंच की! तसं म्हटलं नाही. १९४० साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. लोक चुकतात तर चूक होणारच नाही अशी मांडणी करा, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट पिनकोडाची. आमचंच उदाहरण घ्या. मी वडनेरची, हिंगणघाट तालुक्यातल्या, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या. पण महाराष्ट्रात वडनेर काय एक आहे? नाशिककडे वडनेर भैरव, दर्यापूरकडे वडनेर गंगाई, नांदुऱ्याकडे वडनेर भोलजी. पूर्वी "वडनेर, महाराष्ट्र" एवढंच लिहिणारे महाभाग होते. त्यांना दटावत बसण्यापेक्षा श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं (ते संस्कृतचे कवीही होते) सहा आकड्यांची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. आज पत्त्यात अक्षर चुकलं तरी आकडा पाकीट ओढून आणतो.

पत्त्याच्या बाबतीत एवढी कळवळ, मग पोटातल्या वस्तूच्या बाबतीत का नाही?

कोणी म्हणेल, टपाल खातं राखीची खास पाकिटं काढतं की. काढतं, आणि त्याबद्दल मी त्याचं मनापासून कौतुक करते. ११ सेंटिमीटर बाय २२ सेंटिमीटरची, पाणी न शिरणारी पाकिटं गेली काही वर्षं राखीच्या मोसमात मिळतात. श्रावणातल्या पावसात भिजून कुंकवाचा लगदा व्हायचा, तो त्यामुळे थांबतो. पण पाऊस हा राखीचा एक शत्रू झाला. चेंगरणं, घरंगळणं आणि टोचणं हे उरलेले तीन. जलरोधक पाकीट आतून गुळगुळीत असतं, त्यात राखी उलट जास्तच घरंगळते. रेनकोट घातला म्हणजे हेल्मेट घातलं असं होत नाही. शिवाय नावच राखीचं. संक्रांतीला जानेवारीत हलवा पाठवणारीनं काय करावं?

"कुरिअर करा ना!" हे दुसरं उत्तर. ते बहुधा शहरातल्या लोकांचं असतं. ज्या खेड्यात टपालवाला सायकलवर जातो तिथे कुरिअरचा मुलगा येतोच असं नाही. "तालुक्याला येऊन घेऊन जा" असा फोन येतो, आणि भाऊ चाळीस रुपयांच्या राखीसाठी शंभर रुपयांचं पेट्रोल जाळतो. आणि कुरिअरवाले काय करतात? तुमचंच फाटकं पाकीट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात. फुटलेली वस्तू हरवत नाही एवढाच फायदा. तिसरं उत्तर व्हॉट्सअॅपवर राखीचं चित्र पाठवा. त्याला मी उत्तर देत नाही.

चौथं उत्तर मात्र विचार करण्याजोगं आहे. माझ्या एका भाच्यानंच ते दिलं : "मावशी, पत्रंच कोण लिहितं आता? मरणाऱ्या गोष्टीचं पाकीट सुधारून काय होणार?" बाळा, तुझं अर्धं बरोबर आहे. डेन्मार्कच्या टपाल कंपनीनं तर २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणंच बंद केलं. आपल्याकडेही २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पण यातून निघतं ते तुझ्या उलट. मजकूर आता फोनवरून जातो. फोनवरून जात नाही ती वस्तू. म्हणजे यापुढे टपालात जे काही उरेल ते घन पदार्थच असणार, आणि पाकीट मात्र आपण अजून कागदासाठीच करतो! जपानच्या टपाल खात्यानं हे ओळखलं. तिथे 'लेटर पॅक' नावाचं जाड पुठ्ठ्याचं पाकीट पोस्टातच विकत मिळतं, टपालखर्च त्याच्या किमतीतच धरलेला. स्वस्त प्रकारात जाडीची मर्यादा ३ सेंटिमीटर. मावलं की झालं, तोलायचं नाही, घासाघीस नाही.

पुठ्ठा घाला, फुगेवाला प्लॅस्टिकचा कागद घाला, असंही सांगतात. तो फुग्यांचा कागद १९५७ साली अमेरिकेत दोघांनी केला तो भिंतीला लावायचा शोभेचा कागद म्हणून, हे तुम्हाला ठाऊक आहे का? भिंतीवर तो कोणाला आवडला नाही, पार्सलात आवडला. मला पाकिटात आवडत नाही. तो जाडी वाढवतो, पेटीच्या फटीत अडकतो, आणि शेवटी आमच्या नाल्यात येऊन बसतो. शिवाय आपल्या साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. राखी, अक्षता, कुंकवाची पुडी, चार ओळींची चिठ्ठी आणि वर जाड पुठ्ठा, की टप्पा ओलांडलाच. म्हणजे काळजी घेणारीला दंड, आणि निष्काळजी माणूस स्वस्तात सुटतो.

मग हवं काय? मी शिक्षिका आहे, नुसती तक्रार करून फळा पुसत नाही.

वस्तू हलू नये, ही पहिली आणि अर्धी लढाई. एक पातळ पुठ्ठा, पाकिटाच्या आतल्या मापाचा, म्हणजे तोही सरकणार नाही. त्याला दोन चिरा पाडलेल्या. राखीचा दोरा त्यांतून ओवायचा. किल्ली असेल तर दोऱ्यानं बांधायची. वस्तूची जागा डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, शिक्क्यापासून लांब. आणि पुठ्ठ्यावर दुसरा पुठ्ठा, मधे वस्तूच्या आकाराची खिडकी कापलेला, म्हणजे उंचवटा एका टोकावर न राहता सगळ्या पाकिटाची जाडी सारखी होते. सुतळी कितीही आवळा, जोर पुठ्ठ्यावर जातो, खड्यावर जात नाही. बाहेर वस्तूच्या जागी एक चौकट छापलेली : इथे ठोकू नका. सुट्या बारीक वस्तूंसाठी आत पुडी, आणि पुडी कशी घालायची याची तीन चित्रं पाकिटाच्या मागे. झाकणाचा डिंक टोकापासून टोकापर्यंत. त्या कंचेवाल्या पोरानं दाखवलेली फट बुजलीच पाहिजे.

आणि कापड. कचेऱ्यांत खाकी पाकिटं असतात, आतून जाळीदार कापडाचं अस्तर लावलेली, ती तुम्ही पाहिली असतील. फाटायला लागलं तरी चीर दोऱ्यापाशी अडते. असलं अस्तर लहान पाकिटाला का मिळू नये? निविदेच्या कागदांना कापडी अस्तर आणि बहिणीच्या राखीला पातळ कागद, हा न्याय कुठला? कापूस आमच्या जिल्ह्यात पिकतो. हिंगणघाट कापसाची बाजारपेठ म्हणून नावाजलेलं. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली सुरू झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम कुमारप्पांनी केलं. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. हातकागद चिंध्यांपासून होतो, त्याचे धागे लांब असतात, तो चिवट असतो. कापूस इथला, संस्था इथली, बचत गटांच्या बायकांचे हात इथले. शिलाईयंत्रावर पिशव्या शिवणारीला पाकिटाला अस्तर लावणं जड नाही. पावसासाठी मेणाचा हात फिरवला तर प्लॅस्टिकही नको. मी त्या संस्थेला पत्र लिहिते आहे, नमुना जोडून. नमुन्यात किल्ली आहे.

खर्च वाढेल, हो. पण रोजच्या पाकिटाला हे लावा असं मी म्हणत नाही. पोस्टाच्या खिडकीवर बारा महिने एक चिवट पाकीट मिळावं, त्याच्या किमतीतच टपालखर्च धरलेला असावा आणि पुठ्ठ्याच्या वजनाचा भुर्दंड पाठवणारीवर पडू नये, एवढंच मागणं आहे. सोनं-नाणं, रोकड त्यात घालू द्यायची नाही, त्याला विम्याची वेगळी वाट आहे. माप ११ बाय २२ च राहू द्या, ते पेटीच्या फटीतून सहज जातं. आणि नाव मात्र 'राखी पाकीट' नको. राखी, हलवा, किल्ली, बी, चष्म्याचा स्क्रू, सगळ्यांना चालेल असं एखादं साधं नाव सुचवा. मला 'पुडीपाकीट' सुचलं आहे, पण घरात हसताहेत.